मोबाइलवरील वर्गणी आणि तिचा हिशेब

सार्वजनिक कामासाठीं वर्गणी गोळा करणें ही गोष्ट आपल्या शेतकरीवर्गास नवीन नाहीं. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, यात्रेंतील कुस्त्यांचीं बक्षिसें, दुष्काळांतील जनावरांचा चारा, या सर्वांची तजवीज गांवांनीं वर्गणीवरच केलेली आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि पुढें मुष्टिफंडाची रीत चालविली. म्हणजे घरच्या गृहिणीनें मूठभर धान्य बाजूस ठेवावयाचें व तें वसतिगृहांतील मुलांच्या मुखीं जावयाचें. त्याच्याही आधीं अंताजी दामोदर काळे यांनीं एक एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, आणि त्यांतून तळेगांव दाभाडे येथें १९०८ सालीं कांचेचा कारखाना निघाला. थोडें थोडें घ्यावें पण पुष्कळांकडून घ्यावें, हें तत्त्व आपल्या घरचेंच आहे.

आतां काळ पालटला आहे. गांवांतील कर्तीं माणसें पोटासाठीं पुणें, पिंपरी-चिंचवड, मुंबई, सुरत अशा ठिकाणीं गेलेलीं आहेत. कोणाचा मुलगा परदेशांतही आहे. त्यांच्या दाराशीं झोळी घेऊन जाणें शक्य नाहीं. परंतु त्यांच्या हातांत मोबाइल आहे. व्हॉट्सॲप, फेसबुक या समाजमाध्यमांवर त्यांची गांवाशीं रोज गांठ पडते. आणि २०१६ सालीं यूपीआयची सोय निघाल्यापासून शंभर रुपयेही बसल्या जागेवरून क्षणांत पाठवितां येतात. साहजिकच गांवोगांवच्या संस्था व तरुण मंडळें या मार्गानें पैसा उभा करूं पाहत आहेत. कित्येकांस यश येतें, पुष्कळांस येत नाहीं. आणि ज्यांस एकदां येतें त्यांस दुसऱ्या वेळीं येईलच असें नाहीं. असें कां होतें, याचा उलगडा आम्हांस आमच्या गांवच्या एका कामांत झाला. तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

तलाव आणि पहिला संदेश

आमच्या गांवचा पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळांत खणला गेला. खडी फोडून व माती वाहून ज्यांनीं तो बांधला, त्यांतील कांहीं वृद्ध स्त्रीपुरुष अद्याप हयात आहेत. पन्नास वर्षांत त्यांत इतका गाळ सांचला कीं, पावसाळा बरा झाला तरी संक्रांतीनंतर तलावांत पाणी राहत नसे, आणि त्याखालच्या विहिरी फाल्गुनांत तळ दाखवीत. २०२३ सालच्या पावसानें ओढ दिली, आणि २०२४ च्या वैशाखांत तलाव पार कोरडा पडला. संकट खरें, पण गाळ काढण्यास याहून चांगली वेळ नव्हती. संबंधित खात्याची परवानगी मिळाली. एका सेवाभावी संस्थेनें पोकलेन यंत्र विनामूल्य देऊं केलें. गाळ आपल्या शेतांत नेण्याचा ट्रॅक्टरचा खर्च ज्याचा त्यानें करावा असें ठरलें. गांवाच्या माथीं राहिलें तें यंत्राचें डिझेल. हें यंत्र तासाला बारा-तेरा लिटर डिझेल खाई. त्या वेळच्या नव्वद-ब्याण्णव रुपये लिटर या दरानें तासाचे सुमारें बाराशे रुपये होत. काम १२० तासांचें होतें, आणि मृग निघण्यापूर्वीं तें उरकणें भाग होतें.

गांवच्या तरुणांनीं व्हॉट्सॲपवरील गांवकऱ्यांच्या गटांत एक लांबलचक संदेश पाठविला. त्यांत पाण्याचें महत्त्व होतें, पूर्वजांचें स्मरण होतें, ‘सढळ हातानें मदत करावी’ अशी विनंति होती, आणि हात जोडल्याचीं चित्रें होतीं. किती रक्कम पाहिजे, कशासाठीं पाहिजे, कोणत्या तारखेपर्यंत पाहिजे, यांतील एकही गोष्ट नव्हती. पैसे पाठविण्यासाठीं दिलेला क्रमांक एका सभासदाचा खाजगी होता. गटांत साडेतीनशें माणसें होतीं. त्यांपैकीं पुष्कळांनीं अंगठ्याचें चित्र पाठवून संमति कळविली, पण आठ दिवसांत यंत्र जेमतेम एक दिवस चालेल एवढीच रक्कम जमली. यंत्र तलावाच्या कांठीं उभें, आणि आभाळांत वळिवाचे ढग येऊं लागलेले, अशी स्थिति झाली.

तेव्हां आम्हीं चिंचवडास कारखान्यांत नोकरीस असलेल्या आमच्या नात्यांतील एका गृहस्थांस फोन केला. हे देण्यांत कधीं मागें न राहणारे. ते म्हणाले, “तात्या, पैशांची अडचण नाहीं. पण २०१९ सालीं चाऱ्यासाठीं पैसे दिले, त्यांचें पुढें काय झालें तें आम्हांला कोणीं सांगितलें का?” आम्हीं उत्तर दिलें कीं, त्याचा हिशेब आम्हीं स्वतः लिहून चावडीवर लावला होता आणि महिनाभर तो तेथें होता. त्यावर ते एवढेंच म्हणाले, “चावडी आम्हांला इथून दिसत नाहीं, तात्या.”

या वाक्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आयुष्य गेल्यामुळें कागद चावडीवर लागला म्हणजे तो प्रसिद्ध झाला, अशीच आमची समजूत होती. पैसा मागितला मोबाइलवर आणि हिशेब लावला भिंतीवर. ज्या परगांवच्या लोकांनीं पैसा दिला त्यांपैकीं एकानेंही ती भिंत पाहिलेली नव्हती.

आधीं जुना हिशेब

त्याच रात्रीं समितीची बैठक भरली आणि २०१९ ची वही पुन्हां बाहेर काढली. त्या वर्षीं चाऱ्याचे पैसे एका तरुणाच्या मोबाइलवर आले होते. मुलगा सचोटीचा, पण त्याच खात्यांत त्याच्या दुधाचे पैसे येत आणि त्याच खात्यांतून घरचा किराणा जाई. चाऱ्याच्या पावत्या जुळल्या, परंतु एका गाडीच्या भाड्याची ३,४०० रुपयांची पावती सांपडेना. रक्कम मोठी नव्हती. तथापि पांच वर्षें तिच्यावरून कुजबूज चालूं होती, आणि तो मुलगा तेव्हांपासून गांवच्या कोणत्याही कामास पुढें येत नव्हता. मुलानें खाल्लें कांहींच नव्हतें. पण हिशेब लोकांपर्यंत न पोंचल्यानें त्याचें नांव मात्र गेलें. त्या दोषांत आमचाही वांटा होता.

नवी मागणी करण्यापूर्वीं जुन्या चाऱ्याचा हिशेब गटांत टाकावा, असें ठरलें. जमा किती, चारा किती, भाडें किती, हें एका पानावर लिहून शेवटीं स्पष्ट शब्दांत लिहिलें: ‘गाडीभाडें ३,४०० रुपये, पावती उपलब्ध नाहीं.’ एकदोघांनीं हें वाक्य गाळावें असें सुचविलें. पावती नसल्याचें आपणच सांगितलें तर लोक काय म्हणतील, अशी त्यांस धास्ती होती. अखेर समितीच्या सात सभासदांनीं ती रक्कम आपसांत काढून संस्थेच्या खात्यांत भरली, आणि तेंही त्याच पानावर लिहिलें. वाक्य गाळलें नाहीं. त्या रात्रीं गटांत कोणी फारसें बोललें नाहीं. सकाळीं चिंचवडच्या गृहस्थांनीं बारा हजार रुपये पाठविले.

त्यानंतर दुसरा संदेश पाठविला, तो सहा ओळींचा होता. ‘यंत्राचें एका तासाचें डिझेल १,२०० रुपये. एकूण १२० तास पाहिजेत. शेवटची तारीख ५ जून. पैसे संस्थेच्याच खात्यांत भरावे. संस्थेचा नोंदणी क्रमांक व परवानगीचा कागद सोबत आहे. चौकशीसाठीं या दोघांस फोन करावा.’ सोबत कोरड्या तलावाचें एक छायाचित्र आणि बँकेनें संस्थेच्या नांवानें दिलेला क्यूआर चौकोन जोडला. ‘सढळ हातानें’ हे शब्द काढून टाकले. सढळ हात म्हणजे किती, हें कोणासच कळत नाहीं. एक तास म्हणजे किती, हें सर्वांस कळतें. ज्यास तास झेपत नव्हता त्यानें अर्धा तास दिला.

दररोज दिवेलागणीस गटांत चार आंकडे जात: आज यंत्र चाललें तास इतके, आज जमा, आज खर्च, हातीं शिल्लक. सोबत त्या दिवशींचा तलावाचा फोटो, आणि पंपावरील पावतीचा फोटो. ही नोंद ठेवण्याचें काम आम्हीं मुद्दाम त्याच मुलाकडे दिलें. पहिल्या दिवशीं तो नाहीं म्हणाला. दुसऱ्या दिवशीं स्वतः वही घेऊन आला.

तिसऱ्या दिवशीं १९७२ सालीं त्याच तलावावर माती वाहिलेल्या एका आजींस आम्हीं त्यांच्या व घरच्यांच्या संमतीनें कांठावर नेलें, आणि त्या जें बोलल्या तें मोबाइलवर टिपून गटांत दिलें. त्यांनीं मदत मागितली नाहीं. पाटी कशी होती, मजुरी काय मिळे, सुकडी कशी वांटीत, आणि तलाव पहिल्यानें भरला तेव्हां गांव कसा कांठावर जमला, एवढेंच सांगितलें. त्यानंतरच्या दोन दिवसांत अनेकांनीं आपल्या आईच्या, आजीच्या नांवें एक एक तास दिला. आमचे पानभर उपदेश जें करूं शकले नाहींत, तें त्या दोन मिनिटांनीं केलें.

एकंदर ९८ तासांचे पैसे जमले, आणि यंत्र ९४ तास चाललें. मग पावसानें काम थांबविलें. तलावाची उत्तरेकडील बाजू तशीच राहिली. हेंही आम्हीं गटांत लिहिलें, आणि उरलेले ४,८०० रुपये ज्यांस परत पाहिजेत त्यांनीं कळवावें असें विचारलें. कोणीं परत मागितले नाहींत. २०२५ सालीं मे महिन्यांतच पाऊस लागल्यानें राहिलेलें काम होऊं शकलें नाहीं; ती शिल्लक खात्यांत आहे, आणि ती आहे हें गटांतील प्रत्येकास ठाऊक आहे.

बादलीभर बर्फ आणि बादलीभर तांदूळ

हा अनुभव एका खेड्याचा. परंतु समाजमाध्यमांवरून झालेल्या एका फार मोठ्या वर्गणीचा इतिहास पाहिला असतां त्यांतही हाच धडा दिसतो. ए. एल. एस. नांवाचा एक असाध्य रोग आहे. त्यांत स्नायूंस हालविणाऱ्या मज्जापेशी मरत जातात, आणि माणूस हळूहळू हात, पाय, वाचा व शेवटीं श्वास गमावतो. या रोगासाठीं झटणारी अमेरिकेंत एक संस्था आहे. २०१४ च्या उन्हाळ्यांत तिकडे एक प्रकार सुरू झाला: बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घ्यावयाची, त्याचें चलच्चित्र फेसबुकवर टाकावयाचें, आणि आपल्या तिघां परिचितांचीं नांवें घेऊन त्यांस आव्हान द्यावयाचें कीं, चोवीस तासांत तुम्हीही हें करा, नाहीं तर संस्थेस देणगी द्या. पुष्कळांनीं दोन्हीही केलें. पीट फ्रेट्स व पॅट क्विन या, स्वतः त्या रोगानें ग्रासलेल्या, दोन तरुणांनीं ही लाट विशेष पसरविली. फ्रेट्स २०१९ सालीं व क्विन २०२० सालीं त्याच रोगानें वारले.

२९ जुलै ते २९ ऑगस्ट २०१४ या एका महिन्यांत त्या संस्थेस १० कोटी ९ लाख डॉलर मिळाले. आदल्या वर्षीं त्याच महिन्यांत २८ लाख मिळाले होते. देणारे तीस लाखांहून अधिक होते. म्हणजे माणशीं सरासरी चौतीस डॉलरांहूनही कमी. हा मुष्टिफंडच होय, फक्त मूठ समुद्रापलीकडची. पुढें ही रक्कम ११ कोटी ५० लाख डॉलरांपर्यंत गेली.

या यशाचें कारण काय? पहिलें, मागणी अनोळखी संस्थेकडून आली नाहीं. मित्रानें मित्राचें नांव घेऊन केली. भर सभेंत नांव पुकारल्यावर माणूस उठतोच. दुसरें, कृति लहान, ठराविक व मुदतीची होती. तिसरें, करणाऱ्यास त्यांत मौज होती. परंतु याच कारणांत त्याची मर्यादाही होती. दुसऱ्या वर्षीं तोच प्रकार पुन्हां सुरू केला, तेव्हां पहिल्या वर्षाच्या मानानें अगदीं अल्प पैसा आला. वळिवाच्या एका सरीनें ओढा भरून वाहतो, पण विहिरीस पाझर लागत नाहीं. त्यास संथ पाऊसच पाहिजे. तसेंच, संस्थेनें या प्रकाराच्या नांवावर आपला व्यापारी हक्क नोंदविण्याचा अर्ज केला होता, तो लोकांनीं ओरड केल्यावर मागें घ्यावा लागला. लोकांनीं जें उभें केलें तें लोकांचेंच असतें, हें तिला त्यावरून कळून चुकलें.

मात्र एक गोष्ट त्या संस्थेनें चांगली केली. आलेल्या पैशाचे भाग कसे पाडले, हें तिनें प्रसिद्ध केलें: संशोधनास ६७ टक्के, रोग्यांच्या सेवेस २० टक्के, लोकशिक्षणास ९ टक्के, आणि निधि गोळा करण्यास व पैशाच्या देवघेवीच्या खर्चास प्रत्येकीं २ टक्के. या पैशाच्या मदतीनें चाललेल्या संशोधनांतून २०१६ सालीं रोगाशीं संबंध असलेला एक नवा जनुक सांपडला. एका औषधाच्या प्रयोगासही त्यांतून मदत गेली. त्या औषधास अमेरिकेंत २०२२ सालीं मान्यता मिळाली, पण पुढच्या मोठ्या चांचणींत तें उपयोगी न ठरल्यानें २०२४ सालीं तें बाजारांतून काढून घेण्यांत आलें. पेरलेलें सगळेंच बीं उगवत नाहीं, हें शेतकऱ्यास कोणीं सांगावयास नको. देणगीदारासही तें समजतें, त्यास खरें सांगितलें म्हणजे झालें.

त्याच ऑगस्टांत हैदराबाद येथील पत्रकार मंजुलता कलानिधि यांनीं या प्रकारास आपल्याकडील रूप दिलें. बर्फाचें पाणी ओतून वायां घालविण्यापेक्षां बादलीभर तांदूळ जवळच्या गरजू माणसास द्यावा, त्याचें छायाचित्र फेसबुकवर टाकावें, आणि इतरांस तसें करण्यास सांगावें, अशी ती कल्पना होती. यांत पैसा कोणत्याही मध्यस्थाच्या हातीं जात नाहीं, म्हणून हिशेबाचा प्रश्नच उरत नाहीं. ज्या कामांत वस्तु थेट देतां येते, तेथें ही रीत उत्तम होय. पण तलावाचा गाळ बादल्यांनीं निघत नाहीं. तेथें पैसा एकत्रच करावा लागतो, आणि पैसा एकत्र आला कीं हिशेब आलाच.

कायद्याची बाजू

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. वर्गणी मागणारी संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीं नोंदलेली असावी, आणि जें काम करावयाचें तें तिच्या नोंदलेल्या उद्देशांत बसणारें असावें. नोंदणी नसलेल्या मंडळानें लोकांकडून पैसा जमविण्यापूर्वीं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयांत चौकशी करून जरूर ती परवानगी घ्यावी. गणेशोत्सव मंडळांस ही रीत परिचित आहेच. ‘मोबाइलवर मागितलें, दारोदार मागितलें नाहीं’ ही सबब चालणार नाहीं.

पैसा संस्थेच्या नांवच्या खात्यांतच यावा. त्या खात्यावर दोघांच्या सह्या असाव्या. मोबाइलवरून आलेल्या रकमांची यादी बँकेच्या उताऱ्यांत आपोआप तयार होते, ही मोठीच सोय आहे. परंतु उतारा म्हणजे कीर्द नव्हे. रोजची कीर्द स्वतंत्र लिहावी आणि आठवड्यास उताऱ्याशीं ताळा पाहावा. देणाराचें नांव उताऱ्यांत पुष्कळदां अपुरें किंवा दुसऱ्याच कोणाचें येतें. म्हणून पैसे पाठविल्यावर नांव कळविण्यास सांगावें आणि प्रत्येकास क्रमांकाची पावती पाठवावी.

ज्या संस्थांस प्राप्तिकर खात्याची देणगीसंबंधीं मान्यता आहे, त्यांच्या देणगीदारांस करांत सवलत मिळूं शकते. मात्र दोन हजार रुपयांवरील रोख देणगीस ती मिळत नाहीं, आणि नव्या करपद्धतीनें कर भरणारांसही मिळत नाहीं. मान्यता नसतां संदेशांत ‘करसवलत मिळेल’ असें कोणीं लिहूं नये.

परदेशांतील मुलांकडून पैसा घेण्याविषयीं मोठा घोटाळा होतो. जो परदेशांत राहत असला तरी भारताचाच नागरिक आहे, त्यानें आपल्या कमाईंतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी देणगी धरली जात नाहीं. परंतु ज्यानें अमेरिकेचें किंवा अन्य देशाचें नागरिकत्व घेतलें आहे, त्याची देणगी, तो जन्मानें आपल्या गांवचा असला तरी, विदेशी ठरते. आणि ती २०१० च्या विदेशी देणग्यांच्या कायद्याखालीं नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेतां येत नाहीं. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेंतील खात्यांतच घ्यावी लागते. म्हणून परदेशांतून पैसे येण्यापूर्वींच देणारास नागरिकत्व विचारावें. विचारण्यांत संकोच वाटेल, पण नंतरच्या चौकशीपेक्षां तो बरा.

मिलाप, केटो अशा संकेतस्थळांवरूनही अपरिचितांकडे मागणी करतां येते. त्यांचें शुल्क किती, आणि देणारानें दिलेल्या रकमेंतून संस्थेच्या हातीं किती येणार, हें आधीं वाचून घ्यावें. गांवच्या कामास आमच्या मतें गांवच्याच माणसांचा गट पुरेसा असतो.

भामट्यांपासून सावध

जेथें लोक विश्वासानें पैसा देतात तेथें भामटा आधीं पोंचतो. २०२० च्या मार्चांत पंतप्रधानांचा पी. एम. केअर्स निधि जाहीर झाला, आणि लागलीच त्याच्या यूपीआय पत्त्यांतील एक अक्षर गाळून केलेले बनावट पत्ते समाजमाध्यमांवर फिरूं लागले. जें देशाच्या निधीबाबत झालें तें गांवच्या निधीबाबत होणें अवघड नाहीं. यास्तव देणारानें पैसे पाठविण्यापूर्वीं पडद्यावर येणारें खातेदाराचें नांव वाचावें. तें संस्थेचें नसल्यास थांबावें, आणि ओळखीच्या माणसास फोन करून खात्री करावी. मागणारानें आपला क्यूआर चौकोन एकाच ठिकाणीं, एकाच रूपांत ठेवावा; वारंवार बदलूं नये.

आणखी एक गोष्ट प्रत्येक घरीं सांगून ठेवावी. पैसे घेण्यासाठीं आपला गुप्त पिन कधींच घालावा लागत नाहीं. तो फक्त देण्यासाठीं लागतो. ‘तुमच्या संस्थेस देणगी पाठवितों, हा चौकोन टिपा आणि पिन घाला,’ असें जो सांगेल तो देणगीदार नव्हे. फसवणूक झालीच तर लाज धरून गप्प न बसतां त्वरित १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. पहिल्या कांहीं घटकांतच पैसा अडविण्याचा संभव असतो.

तात्पर्य

जे बंधु असें काम हातीं घेणार असतील त्यांस आमची सूचना थोडक्यांत अशी: एका वेळीं एकच काम सांगावें. त्याचें माप देणारास कळेल असें करावें. डिझेलाचा तास, पत्र्याचें पान, चाऱ्याची पेंढी, असें कांहीं. रक्कम व तारीख लिहावी. खातें संस्थेचें असावें. भाषण न देतां काम दाखवावें, आणि ज्याचें चित्र घेणार त्याची संमति घ्यावी. मदत घेणाऱ्याची दैन्यावस्था चव्हाट्यावर मांडून पैसा जमवूं नये. रोजचा हिशेब त्याच गटांत, त्याच दिवशीं द्यावा. काम अपुरें राहिल्यास अपुरें राहिलें असें लिहावें. चूक झाल्यास ती दुसऱ्यानें काढण्यापूर्वीं आपण सांगावी. आणि ज्यांच्यापाशीं मोबाइल नाहीं अशांसाठीं तोच कागद चावडीवरही लावावा. भिंतीवरचा हिशेब चूक नव्हता, तो अपुरा होता.

मुष्टिफंडाचें धान्य न्यावयास येणारा मुलगा ओळखीचा असे, आणि धान्य कोठें शिजतें हें चालत जाऊन पाहतां येई. मोबाइलवरून मागणाऱ्याचें तोंड दिसत नाहीं, आणि कामही दिसत नाहीं. त्या दोहोंची जागा फक्त हिशेबच घेऊं शकतो. मागणी ज्या दारानें बाहेर गेली त्याच दारानें हिशेब परत गेला पाहिजे, एवढें जी संस्था पाळील तिला पुढच्या वर्षीं मागण्यास तोंड राहील.

आमच्या तलावाच्या उत्तर बाजूस अजून २६ तासांचें काम उरलें आहे. त्याचा संदेश तोच मुलगा लिहिणार आहे, आणि त्याची पहिली ओळ मागील शिल्लक ४,८०० रुपये अशी असेल.